घोंगडी खांद्यावरून उतरली तेव्हा

रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलेल्या कुणालाही भिंतीवरच्या तसबिरीतले कर्मवीर भाऊराव पाटील आठवतील. पांढरीशुभ्र दाढी, हातात काठी, खांद्यावर घोंगडी. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काल्यात ही संस्था काढून हा माणूस गावोगाव पोरं गोळा करत हिंडला. त्या काळी त्या घोंगडीचं कुणाला नवल वाटलं नसणार. मेंढका, गुराखी, पाटकरी, बाजाराला निघालेला म्हातारा, सगळ्यांच्याच खांद्यावर ती असायची. पुढं हद्दी बदलल्या: १९४९ला सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६०ला त्याचं नाव सांगली पडलं. पण माण-खटाव आणि आटपाडी-जत यांचा माळ एकच राहिला आणि घोंगडीला लोकर देणारी त्या माळावरची काळी दख्खनी मेंढीही एकच.

घोंगडी वापरायच्या रीती ठरलेल्या होत्या. ऊन असलं की उभी घडी घालून खांद्यावर. थंडीत दोन्ही खांद्यांवरून पुढं ओढून घ्यायची. दुपारी बाभळीखाली अंथरायची, रात्री मेंढ्यांभोवतीच्या वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या, कडेला पांघरायची. पावसाची तऱ्हा वेगळी. घोंगडी उभी दुमडून वरचा एक कोपरा आत मोडला की टोकदार खोळ होते. ती डोक्यावर चढवायची आणि बाकीची पाठीवरून पोटरीपर्यंत सोडायची. दोन्ही हात मोकळे राहतात, वाकून भांगलता येतं, कोकरू काखेत धरता येतं. लोकरीच्या अंगच्या तेलकटपणामुळं पाणी बराच वेळ वरच्यावर निथळतं, आणि भिजली तरी ती ऊब सोडत नाही. ओल्या घोंगडीचा उग्र वास मात्र पावसाळाभर घरात राहायचा. खंडोबाच्या जागरणात चौक भरायलाही घोंगडीच अंथरतात.

ती विणायचे सनगर आणि खुटेकर. म्हसवडच्या घोंगडीला नाव होतं. मेंढ्या ओढ्यात धुऊन वर्षातून दोनदा कातरायच्या. एका मेंढीची लोकर दर खेपेला पाव-अर्धा किलो, त्यामुळं एका घोंगडीला बऱ्याच मेंढ्या लागायच्या. लोकर पिंजायची, बायकांनी चरख्यावर सूत काढायचं. मग गल्लीत ताणा पसरून त्याला चिंचोक्याची खळ चढवायची. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून, शिजवून केलेली ही खळ कुंच्यानं धाग्याधाग्याला बसवावी लागते, नाहीतर खरखरीत धागा मागावर तुटतो. पाय खड्ड्यात सोडून बसलेला विणकर नंतर दिवसदिवस धोटा फेकत राहतो. नवी घोंगडी ताठ असते ती या खळीमुळंच.

व्यंकटेश माडगूळकरांची मेंढक्यांच्या वस्तीवरची कादंबरी ‘बनगरवाडी’ १९५५ला पुस्तकरूपानं आली, तेव्हा माणदेशात हे सगळं चालू होतं. पुढं एकेक काम घोंगडीच्या हातून गेलं. आधी गेला पाऊस. प्लास्टिकचा कागद स्वस्त, हलका, झटकला की कोरडा. मग गेलं अंथरूण-पांघरूण, गिरणीची चादर आणि कृत्रिम धाग्याचं ब्लँकेट आलं. खांद्यावरची घडी सगळ्यात आधी तरुण पोरांच्या खांद्यावरून उतरली. ती मेंढक्याची ओळख सांगायची, आणि कॉलेजात ती ओळख सांगायचं ओझं वाटू लागलं. त्या पोरांना मी दोष देणार नाही. पण कर्मवीरांनी हीच घोंगडी मानानं वागवली, हेही त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

सगळ्यात मोठा घाव मेंढीवरच बसला, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी झाली. १९७८ला राज्यानं मेंढी-शेळी विकास महामंडळ काढलं; दहिवडीला आणि रांजणीला त्याची प्रक्षेत्रं आहेत. मेंढी सुधारायची म्हणून परदेशी मऊ लोकरीच्या नरांशी संकरही झाले. फलटणच्या निंबकर संस्थेनं बंगालच्या गरोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. काम मोलाचंच, पण रोख कोकरांवर. जतकडची माडग्याळ मेंढी, पांढऱ्यावर तांबूस ठिपके, पोपटासारखं बाकदार नाक, तिची मागणी वाढली ती मटणासाठी. लोकर तिला नावालाच. मेंढपाळाचं चुकलं असं म्हणता येत नाही. कोकरू आटपाडीच्या बाजारात रोख पैसे देतं, लोकरीला कातरणीची मजुरीही सुटत नाही. कित्येक जण कातरलेली लोकर माळावर टाकून देतात. विणकराला सूत नाही आणि माळावर लोकर कुजते, या दोन टोकांत गाठ मारायचं काम सरकारी खरेदीनं करायला हवं होतं. मेंढीच्या योजनांत लोकरीचा भाव पहिल्या ओळीत यायला हवा होता, तो शेवटच्या ओळीतही धड आला नाही.

अलीकडं पारायणाला बसायला आणि पाठदुखीवर म्हणून शहरातून घोंगडीची विचारणा होते. घेणाऱ्यानं एवढं बघावं: काळा रंग मेंढीचाच आहे की चढवलेला, सूत हातचं आहे का, दशा नीट वळल्यात का. हातच्या सुताची जाडी कमीजास्त असते, ती खोट नव्हे. सुरुवातीला टोचते, म्हणून आत सुती धोतर किंवा चादर घ्यावी. वापरानं खळ झडते आणि ती अंगाला बसते. वरचेवर धुऊ नये, उन्हात टाकून काठीनं झोडपावी, ठेवताना घडीत कडुलिंबाचा पाला घालावा.