तंबूतली तीन झाडे

"मामा, घाबरू नका हं," असे म्हणत भाच्याने तंबूची चेन सरकवली आणि तळघरात एकदम ऊन पडल्यासारखे झाले.

२०२४ च्या उन्हाळ्यात महिनाभर मी बहिणीच्या मुलाकडे, जर्मनीत श्टुटगार्टला राहिलो होतो. त्याच्या तळघरात सायकली, रिकाम्या बाटल्यांचे क्रेट आणि कुलूप लावलेल्या खोलीत हा कपाटाएवढा तंबू. बाहेरून काळा, आतून आरशासारखा चंदेरी. वर दिव्यांची पाटी, कोपऱ्यात पंखा, वास बाहेर जाऊ नये म्हणून कोळशाची गाळणी आणि खाली तीन कुंड्या. पानांचा तो पंजा ओळखायला वनस्पतिशास्त्र यावे लागत नाही.

"गांजा?" मी इतक्या हळू विचारले, की जणू जिन्यावर फौजदार उभा होता.

"कायदेशीर, मामा!"

खरेच होते ते. १ एप्रिल २०२४ पासून जर्मनीत अठरा वर्षांवरच्या माणसाला घरी, स्वतःपुरती, एका वेळी तीन झाडे लावता येतात. त्याने निदान सहा महिने त्या देशात राहिलेले असावे, मुलांचा हात झाडापर्यंत पोचू नये आणि पीक कुणाला विकू वा वाटू नये, या अटी. कोवळ्या वयातल्या मेंदूला गांजा घातक, असे तिथले डॉक्टर बजावतातच. भाच्याची बायको तर तंबूकडे फिरकत नाही. "तुमच्या भाच्याची ही दुसरी बायको," म्हणते.

मला विडीचेही व्यसन नाही. पण भाच्याची वही पाहिली आणि माझ्यातला बँकवाला जागा झाला. तारीख, रोपाची उंची, हवेतला दमटपणा, दिवा किती तास. एकही रकाना कोरा नाही. आमच्या शाखेतली खातेवही इतकी नेटकी असती तर तपासनीस पेढे वाटून गेले असते!

त्या वहीतली खरी गंमत दिव्याच्या रकान्यात होती. हे झाड दिवसाची लांबी ओळखते. उघड्या रानात दिवस आखडू लागले, की त्याला फुलोरा येतो. आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास. तंबूतली दिवाळी मात्र माणूस ठरवतो. अठरा तास दिवा असेपर्यंत झाड नुसते वाढते. बारा तासांवर आणला, की ते समजते, हिवाळा आला, आता फुलायला हवे.

आणि मग कळते, कोण नर आणि कोण मादी. गांजा म्हणजे मादीचा फुलोरा. नराचे पराग त्यावर पडले, की झाडाची ताकद बी धरण्यात जाते आणि माल उतरतो. म्हणून नर दिसला, की उपटायचा. बिअरला कडवटपणा देणारे हॉप याच कुळातले; त्याचेही मळेवाले मादी वेलच ठेवतात. हे शहाणपण काही युरोपने शोधलेले नाही. आज बांगलादेशात असलेल्या नवगावच्या गांजामळ्यांत इंग्रजांच्या काळी 'पोद्दार' नावाचे जाणते फिरत आणि नराची रोपे हुडकून काढत. १८९३-९४ च्या सरकारी आयोगाने अकराशेहून अधिक साक्षी घेतल्या आणि बेताच्या सेवनाने फारसा अपाय होत नाही, सरसकट बंदी नको, असा निर्वाळा दिला होता.

भाच्याने मात्र एक नर मुद्दाम राखला होता. त्याला नवे वाण काढायचे होते. नराचे पराग कुंचल्याने टिपून तो मादीच्या एकाच फांदीला लावणार आणि फांदीवर कागदी पिशवी बांधणार. "तीन झाडांत वाण निघत नाही रे," मी म्हटले, "त्याला शेकडो रोपांतून निवड करावी लागते." तो म्हणाला, "ठाऊक आहे मामा. पण आपल्या हातचं बी!"

आपल्या हातचे बी. हे शब्द मी पूर्वी एकदा ऐकले होते.

१९८८ साली मी एका कोरडवाहू भागातल्या शाखेत पीककर्जे पाहत असे. मार्गशीर्षात एका म्हाताऱ्याच्या तुरीच्या पाहणीला गेलो. तुरीच्या मधोमध, तुरीहून उंच अशी चार झाडे. माझी नजर गेलेली पाहून म्हातारा म्हणाला, "बैलाच्या पोटफुगीला ठिवलीत, सायेब. बापाच्या हातचं बी हाय." मी त्याच्या घरी चहा प्यालो आणि अहवालात लिहिले, 'पीक समाधानकारक.'

१९८५ चा अमली पदार्थांचा कायदा मला माहीत होता, त्याला नव्हता. "बाबा, आजच्या आज उपटून टाका," एवढे एक वाक्य मी बोलायला हवे होते. बोललो नाही. उगाच भानगडीत कशाला पडा, हे त्यामागचे सगळे तत्त्वज्ञान. दोन आठवड्यांनी पोलिसांनी म्हाताऱ्याला नेले. तूर रानात वाळली, कर्ज थकले आणि वसुलीची नोटीस निघाली. तिच्यावर सही माझी. बैल विकल्याचे कानावर आले. खटल्याचे काय झाले ते कळले नाही. माझी बदली झाली होती.

ही हकीकत मी कादंबरीत कधी घातली नाही. तिथे मी नायकाला बोलायला लावले असते.

नोव्हेंबरात भाच्याचा फोन आला. स्वर सत्यनारायणाच्या प्रसादासारखा गोड. "मामा, बी धरलं! अकरा दाणे. डिसेंबरात येतोय तेव्हा दोन-चार आणू का? आईच्या गच्चीत..."

"अजिबात नाही," मी इतक्या मोठ्याने म्हणालो, की स्वयंपाकघरातून ही बाहेर आली. "तिकडचा कायदा तिकडे. इथं एक रोप लावलंस तरी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. बी तिथंच ठेव आणि रिकाम्या हातानं ये."

"बरं बरं, मामा. चिडता काय एवढं?"

मी चिडलो नव्हतो. एक वाक्य द्यायचे राहिले होते, ते छत्तीस वर्षांनी दिले. फक्त ज्याला द्यायचे होते, त्याला नाही.