हैदराबाद कंटिंजंटचे गणवेश (छायाचित्रांवरून ओळख)

हैदराबाद कंटिंजंट हे निजामाच्या राज्यातील, परंतु ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील सैन्यदल होते. १८५३च्या तहाने त्याची पुनर्रचना झाली आणि त्याच्या खर्चासाठी वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात देण्यात आला. आजच्या बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई, म्हणजे निजामकाळातील मोमिनाबाद, हे या दलाच्या घोडदळाचे ठाणे होते. या भागातील जुन्या संग्रहांत सापडणाऱ्या सैनिकांच्या छायाचित्रांवर पुष्कळदा ‘निजामाचा शिपाई’ एवढीच नोंद असते. कंटिंजंट, निजामाची स्वतःची नियमित फौज आणि अरब-रोहिल्यांची बेकवायती पथके ही तिन्ही वेगवेगळी होती. वरील नोंदीत हा भेद पुसला जातो. बेकवायती पथकांना ठराविक गणवेश नसे. कमरेला जंबिया व हाती लांब नळीची बंदूक असलेला माणूस कंटिंजंटमधील असण्याचा संभव थोडा.

रंगाचा भास

कृष्णधवल छायाचित्रात गणवेशाचा रंग हा सर्वांत फसवा पुरावा ठरतो. कलोडियनच्या ओल्या काचा केवळ निळ्या व जांभळ्या प्रकाशाला संवेदनशील होत्या. त्यामुळे निळा रंग फिकट, तर लाल जवळजवळ काळा उमटे. १८८०च्या दशकात आलेल्या सुधारित काचा हिरवा व पिवळा रंग काहीसा टिपू लागल्या, पण लालाच्या बाबतीत त्याही आंधळ्याच राहिल्या. डोळ्यांना दिसते त्या प्रमाणात सर्व रंग टिपणाऱ्या काचा विसाव्या शतकाच्या आरंभी बाजारात आल्या.

शतकाच्या अखेरीस कंटिंजंटच्या पायदळाचा कोट लाल व घोडदळाचा गडद हिरवा असे. छायाचित्रात दोन्ही काळेच दिसतात. अशा वेळी कॉलर व बाह्यांची टोके पाहावीत. घोडदळाच्या हिरव्या कोटाला तेथे पांढरे कापड असे, म्हणून तो भाग उठून दिसतो. पायदळाच्या लाल कोटावर गडद हिरवे कापड असे, आणि लाल व गडद हिरवा यांतील फरक काचेवर जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे येथे रंगापेक्षा रंगांतील विरोधच उपयोगी पडतो.

खाकीमुळेही घोटाळा होतो. तिच्यातील पिवळसर छटेमुळे ती प्रत्यक्षाहून गडद उमटते. शिवाय खाकी पोशाख दिसला की छायाचित्र पहिल्या महायुद्धातील मानण्याची सवय आहे. वास्तविक वायव्य सरहद्दीवरील गाइड्स पथकाने खाकी १८४०च्या दशकातच स्वीकारली होती आणि १८८५च्या सुमारास हिंदी सैन्यात मोहिमेचा पोशाख म्हणून ती सर्वत्र रूढ झाली.

पोशाख, शस्त्रे व पदके

गुडघ्यापर्यंतचे बूट, टाचेची काटेरी आर व बाकदार तलवार हे स्वाराचे, तर संगीन लावलेली रायफल हे पायदळाचे लक्षण होय. बाहीवरील तीन फिती पायदळात हवालदाराच्या व घोडदळात दफेदाराच्या. पायदळात दोन असल्यास तो नाईक. घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते, म्हणजे स्वार आपला घोडा व बराचसा सरंजाम स्वतःच्या खर्चाने ठेवी. त्यामुळे एकाच रिसाल्यातील पोशाखांत बारीकसारीक फरक आढळला तर त्याचे आश्चर्य वाटू नये.

तलवार उजव्या कमरेला दिसल्यास सैनिक डावखुरा ठरत नाही. लोखंडी पत्र्यावरील टिनटाइप चित्रात डावे-उजवे उलटते. कोटाची बटणेही उलट्या बाजूला दिसली की ही शंका पक्की होते.

पदकांवरून बरेच कळते. १८५८ साली कंटिंजंटची पथके सर ह्यू रोझच्या मध्य भारतातील मोहिमेत होती, त्यामुळे १८५७-५८च्या उठावाबद्दल इंग्रजांनी दिलेले पदक जुन्या शिपायांच्या छातीवर आढळू शकते. त्याची फीत पांढरी, दोन लाल पट्ट्यांची; छायाचित्रात ती पांढरी-काळी दिसते. १८५४चे ‘इंडिया जनरल सर्व्हिस’ पदक तिसऱ्या ब्रह्मी युद्धासाठीही, त्या मोहिमेची धातूची पट्टी जोडून, दिले गेले. त्याची फीत लाल असून तिच्यावर दोन निळे पट्टे असतात, पण जुन्या काचेवर ते फिकट उमटतात. रंग न ओळखता आल्यास दोन्ही पदकांची गल्लत होणे सोपे आहे.

कालनिश्चिती

छायाचित्राची कला १८३९ साली जाहीर झाली. त्यामुळे बीड परिसरातील १८१८च्या धर्माजी प्रतापरावाच्या उठावाशी कोणत्याही छायाचित्राचा थेट संबंध जोडता येत नाही. पुठ्ठ्यावरील स्टुडिओचे नाव अधिक विश्वसनीय असते. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांचा सिकंदराबादचा स्टुडिओ १८८०च्या दशकातील आहे. त्याचा शिक्का असलेली प्रत त्यापूर्वीची नसते. मात्र जुन्या चित्राची नंतर काढलेली नक्कलही अशा पुठ्ठ्यावर चिकटवलेली असू शकते.

बिल्ल्यावरील मुकुटही पाहण्याजोगा आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील मुकुटाच्या कमानी मध्यभागी खोलगट असतात, तर १९०१नंतरच्या मुकुटाच्या कमानी गोलाकार वर चढतात. १९०३ साली कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन होऊन पलटणींना नवे क्रमांक मिळाले. घोडदळाचे २०, २९ व ३० आणि पायदळाचे ९४ ते ९९ हे क्रमांक बिल्ल्यावर दिसल्यास ते छायाचित्र विसाव्या शतकातील समजावे. यांपैकी २० व २९ क्रमांकांचे रिसाले एकत्र येऊन पुढे डेक्कन हॉर्स ही रेजिमेंट झाली. पायदळातील पलटणींची परंपरा हैदराबाद रेजिमेंटमार्फत आजच्या कुमाऊँ रेजिमेंटकडे आली.