परदेशातील पुंजी आणि येथील प्राप्तिकर

उमेदीची वर्षे परदेशात घालवून निवृत्तीनंतर बंगळूरला येऊन राहणाऱ्या मराठी गृहस्थास पहिली चिंता वाटते ती ही की, तिकडची पुंजी इकडे आणताच तिच्यावर प्राप्तिकर द्यावा लागेल काय? वस्तुतः हा कर उत्पन्नावर असतो, साठविलेल्या धनावर नव्हे. जुनी बचत नुसती येथे आणल्याने कर लागत नाही. तिच्यावर येथे मिळणारे व्याज मात्र करपात्र ठरते.

परदेशातून मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाचा प्रश्न निराळा. तेथे कायदा प्रथम माणसाचा निवास पाहतो. मागील 10 वर्षांपैकी 9 वर्षे अनिवासी असलेल्यास परतल्यावर साधारणतः दोन-तीन वर्षे सवलत मिळते. या काळात परदेशात उपजलेले व तेथेच हाती आलेले उत्पन्न येथे करमुक्त राहते. निवृत्तिवेतन थेट बंगळूरच्या बँकेत जमा करविणाऱ्यास मात्र हा लाभ नाही.

सवलत संपली की जगभरातील उत्पन्न हिशेबात येते आणि परदेशातील खातीही विवरणपत्रात दाखवावी लागतात. 20 लाख रुपयांहून अधिक ठेवी दडविल्यास 2015 च्या काळ्या पैशाविषयीच्या कायद्यान्वये 10 लाख रुपये दंड होऊ शकतो. वार्धक्यातील स्वस्थतेसाठी पुंजी जमविणे पुरेसे नाही. तिचा हिशेब वेळेवर मांडणेही तितकेच अगत्याचे आहे.