नोंदीचा शोध आणि तिची दुरुस्ती

एखाद्या कचेरीतील निवृत्तिवेतनाची जुनी नोंदवही डोळ्यांसमोर आणावी. कारकून अनुक्रमांक पाहून पान उलगडतो, बोटाने ओळ गाठतो, चुकलेल्या गावावर तांबड्या शाईची रेघ ओढतो, वरच्या मोकळ्या जागेत खरे नाव लिहितो आणि शेजारी लघुस्वाक्षरी करतो. पान, ओळ, रकाना आणि समास या चारही गोष्टी कागदाने त्याला आयत्याच पुरविलेल्या असतात. हीच वही संगणकात साध्या मजकुराची फाइल म्हणून ठेवली, की या चारांपैकी एकही खऱ्या अर्थाने उरत नाही. फाइल म्हणजे एकामागून एक येणाऱ्या बाइटांची लांबच लांब माळ होय. युनिक्स पद्धतीच्या यंत्रांत ओळीचा शेवट १० या मूल्याच्या एका बाइटाने दाखवितात. रकान्यांच्या सीमा स्वल्पविरामासारख्या चिन्हाने. बाकी सारे पाहणाराच्या मनात.

या माळेतून हवी ती नोंद काढण्याची साधने ज्या प्रसंगातून जन्मास आली, तो मोठा गमतीचा आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन यांनी ‘एड’ नावाचा संपादक लिहिला होता. त्यांचे सहकारी ली मॅकमहन यांस १७८७-८८ सालच्या ‘फेडरलिस्ट’ निबंधांची छाननी करावयाची होती. त्यांतील काही निबंध नेमके कोणाचे, हा जुना वाद होता. ८५ निबंधांचा तो मजकूर एडच्या आवाक्यात मावेना. तेव्हा टॉमसन यांनी एडमधील शोधाचा भाग सुटा केला. तोच १९७३ चा ‘ग्रेप’. त्याचे नावही एडमधील आज्ञेवरूनच पडले: सर्वत्र पाहा, नमुना शोधा, छापा. शोधाबरोबर बदलही करणारा ‘सेड’ पुढे मॅकमहन यांनी रचला. १९७७ मध्ये एहो, वाइनबर्गर आणि कर्निघन यांच्या आद्याक्षरांचा ‘ऑक’ आला. ऑकचा विशेष असा, की तो ओळीस नोंद समजतो आणि तिचे रकाने पाडून देतो.

हा विशेष किती मोलाचा, हे ग्रेपने चुकविलेल्या हिशेबावरून कळते. ‘सीता’ शोधावयास सांगितले, तर ग्रेप सीताबाई, सीताराम आणि सीतापूर गाव असलेली प्रत्येक ओळ समोर ठेवील. ११ हा क्रमांक दिला, तर ११२ आणि २११ हेही हजर होतील. नुसते पाहावयाचे असेल तर यात बिघडत नाही. परंतु सापडलेली नोंद रद्द करावयाची असेल, तर एका मृत व्यक्तीबरोबर चार जिवंत माणसांचे वेतन बंद होईल, आणि ते का बंद झाले हे त्यांस कोणी सांगू शकणार नाही. म्हणून अट अशी घालावी लागते: पहिला रकाना बरोबर ११२ असेल, तरच. त्यापुढे स्वल्पविरामाचाही खोडा असतोच. पत्त्यातच स्वल्पविराम असला, तर तो रकाना अवतरणचिन्हांत ठेवण्याचा प्रघात आहे. नुसत्या स्वल्पविरामावर ओळ तोडणारी आज्ञावली तेथे हमखास फसते.

मराठी नावांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे आणि ती डोळ्यांस दिसत नाही. ‘गोऱ्हे’ या नावातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात. बाइट मात्र निराळे, त्यामुळे एका रीतीने केलेल्या शोधास दुसऱ्या रीतीने लिहिलेले नाव सापडत नाही. नागरी ११२ आणि रोमन आकड्यांतील एकशे बारा यांचीही यंत्रास ओळख पटत नाही. तेव्हा तुलनेपूर्वी दोन्ही बाजू एकाच लेखनाच्या साच्यात आणाव्यात.

आता दुरुस्ती. ‘वाई’ काढून ‘सातारा’ घालावयाचे आहे. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत प्रत्येक नागरी चिन्हास ३ बाइट लागतात. वाई या नावात ३ चिन्हे, म्हणजे ९ बाइट. सातारा या नावात ६ चिन्हे, म्हणजे १८. जागच्या जागी लिहिले, तर ज्यादा ९ बाइट पुढच्या रकान्यावर चढतील, कारण मधे समास नाही. म्हणून खोडण्याऐवजी नक्कल करतात. आज्ञावली जुनी फाइल ओळीओळीने वाचते, प्रत्येक ओळ नव्या फाइलीत उतरविते, आणि ज्या ओळीस अट लागू पडते तेवढीच बदलून उतरविते. ‘प्रत्येक ओळ’ हे शब्द विसरता कामा नयेत. नवशिक्याच्या हातून पुष्कळदा बदललेली ओळ तेवढी छापली जाते आणि उरलेली सारी वही गळते. जुन्याच फाइलीवर थेट लिहू लागणे तर त्याहून वाईट. लिहिण्यासाठी ती उघडताक्षणी रिकामी होते, आणि वाचावयास काही उरत नाही. ‘जागच्या जागी’ बदल करणारी म्हणून जी सोय सेडच्या नव्या आवृत्त्यांत आहे, तीही पडद्याआड नक्कलच करते.

नवी फाइल पुरी झाली, की तिला जुनीचे नाव द्यावयाचे. दोन्ही एकाच फाइल-व्यवस्थेत असतील, तर हे नामांतर एका झटक्यात होते: वाचणारास एक तर संपूर्ण जुनी वही मिळते, नाहीतर संपूर्ण नवी. नामांतरापूर्वी जुनीची एक प्रत बाजूस ठेवणे आणि अटीत बसणाऱ्या नोंदी मोजणे, ही दोन कामे मात्र आळस न करता करावीत. एक नोंद अपेक्षित असता शून्य किंवा दोन निघाल्या, तर आज्ञावलीने तेथेच थांबावे. नंतर ‘डिफ’ या साधनाने दोन्ही फाइली ताडून पाहिल्या, की बदललेली ओळ जुन्या-नव्या रूपांत शेजारी दिसते. तिच्याखेरीज दुसरी ओळ दिसली, तर काम चुकले.

एक कोडे तरीही राहते. दोन कारकुनांनी एकाच वेळी आपापल्या नकला तयार केल्या, तर जो शेवटी नामांतर करील त्याची वही टिकते आणि पहिल्याची दुरुस्ती निमूटपणे नाहीशी होते. त्यासाठी दुरुस्ती चालू असेतो फाइलीस कुलूप घालतात; परंतु ते कुलूप बहुधा सौजन्याचे असते, म्हणजे ज्याने ते पाहण्याचे कबूल केले असेल त्यालाच ते अडविते. जेथे अनेक हात रात्रंदिवस एकाच वहीवर चालतात, तेथे साध्या फाइलीचा हट्ट सोडून विदागाराकडे वळणे बरे.