उन्हाच्या गावची लोकर

भुसावळ म्हटलं की बाहेरच्या माणसाला ऊन आठवतं, नाहीतर केळी. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि दुपारी बाराला रस्ते ओस पडतात. अशा गावात लोकर विकायला ठेवणारा पहिला दुकानदार धाडसीच म्हणायचा. पण त्याचा धंदा चालला. दिवाळीचा फराळ संपता संपता रेल्वेच्या चाळींतून सुया बाहेर निघत आणि संक्रांतीपर्यंत ओसरीवर, शाळेच्या फाटकाशी, दळणाच्या रांगेत बायकांच्या बोटांना उसंत नसे.

थंडी पडत नाही असं नव्हे. खानदेशातल्या हिवाळ्याची रीतच वेगळी. दुपारी अंगात सदरा नकोसा होतो आणि पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. माणसाआधी ते केळीला कळतं. वाढ थांबते, पानं पिवळी पडतात. मग यावल-रावेरकडचा शेतकरी रात्री बांधावर काडीकचरा पेटवून धूर धरतो आणि विहिरीचं कोमट पाणी बागेला सोडतो. शेतीची वीज बहुतेक रात्रीच येणार, म्हणजे पंप चालू करायला दोन वाजता उठणं आलं. कानाभोवती गुंडाळलेला मफलर हा त्याचा गणवेशच. भरिताच्या पार्टीला शेतात जमलेली मंडळीही याच अवतारात बसलेली असतात.

तरी भुसावळच्या विणकामाचं मूळ थंडीत नाही, ते रुळांत आहे. १८६७ मध्ये नागपूरची लाइन पुरी झाली, १८७० मध्ये जबलपूरमार्गे कलकत्ता जोडलं गेलं आणि या गावाचं जंक्शन झालं. घरातला कर्ता पुरुष रात्री-बेरात्री बाहेर पडणार, हा इथल्या संसाराचा नियम ठरला. कॉलबॉय वही घेऊन दाराशी येई, सही घेई, आणि अर्ध्या तासात गडी शेडकडे निघालेला असे. फायरमनला इथे आगवाला म्हणत. गावातली एक वस्ती आगवाली चाळ या नावानेच ओळखली जाते. वाफेच्या इंजिनावरच्या आगवाल्याची थंडी फार चमत्कारिक. समोर भट्टीचं तोंड, म्हणजे छाती भाजून निघते. मागून उघडा वारा, म्हणजे पाठ गारठते. मानेवर कोळशाची धग असलेली कणी पडते ती वेगळीच. मफलर त्याच्यासाठी होता. घाम पुसायला, कान झाकायला, गळ्यात ठिणगी उतरू नये म्हणून. अस्सल लोकरीवर ठिणगी पडली तर ती जागच्या जागी करपते आणि विझते, हे चाळीतल्या बायकांना कुठल्याही पुस्तकाशिवाय माहीत होतं.

गँगमनचंही तसंच. कडाक्याच्या थंडीत लोखंड आखडतं आणि रूळ तडकण्याची भीती असते, म्हणून हिवाळ्यात रात्रीची खास गस्त लागते. हातात बत्ती घेऊन रुळाच्या कडेने चालत जाणाऱ्या त्या माणसाच्या अंगावर सरकारी कोट असे. गळ्यात मात्र जे असे ते घरचं.

लोकर यायची कुठून? लाल इमलीची गिरणी कानपूरची, १८७६ची. धारीवालची पंजाबातली, १८८०ची. पुढे लुधियानाच्या गिरण्यांनी बाजार भरून टाकला. दुकानातून ती मिळेच. पण रेल्वेवाल्यांकडे पास होता. दिल्ली-अमृतसरला पासवर जाऊन आलेलं कुटुंब येताना लोकरीच्या लड्या आणी आणि मग त्या रंगाचे स्वेटर वर्षभर अख्ख्या चाळीत दिसत. नमुनेही असेच प्रवास करून आले. रेल्वेमुळे आणि १९४९ मध्ये निघालेल्या आयुध निर्माणीमुळे भुसावळात पंजाबी, बंगाली, मद्रासी, उत्तर हिंदुस्थानी कुटुंबं शेजारी शेजारी राहत होती. पंजाबी शेजारीण सुईकडे न पाहता, भांडता भांडता विणायची. तिच्या हातातली केबलची वीण आपल्याला यावी म्हणून लेवा पाटलांच्या सुना तिला भरताची वांगी पाठवत. पंजाबी भाषा कुणाला आली नाही, वीण सगळ्यांना आली.

मफलर विणणं सोपं. दोन्ही बाजूंनी नुसते सुलट टाके घालत गेलं की झालं. एक ओळ सुलट आणि एक उलट अशी गुळगुळीत वीण घातली तर कडा वळतात आणि मफलरचा पाइप होतो. नवशिकीला हा धडा पहिल्याच मफलरात मिळे. सुया निलगिरीतल्या केट्टीच्या कारखान्यातल्या, पोनी छापाच्या. त्यांचे नंबर उलटे, म्हणजे नंबर वाढेल तशी सुई बारीक. मफलरला आठ किंवा दहा, मोज्याला बारा.

खरी परीक्षा हातमोज्यात. मनगटाला एक सुलट एक उलट, म्हणजे पट्टी ताणली जाते आणि परत बसते. तिथून चार सुयांवर गोल विणत वर जायचं. अंगठ्यापाशी आलं की थोडे टाके सेफ्टी पिनवर चढवून बाजूला ठेवायचे, तळहात पुरा करायचा आणि मग मागे येऊन तो अंगठा फुटल्यासारखा काढायचा. त्या बेचक्यात हमखास एक भोक राहतं. तिथे कडेचे दोन जादा टाके उचलून ते बुजवायचं, ही युक्ती जिला येई तिला पाचही बोटं येत असं समजायला हरकत नव्हती. बाकीच्या बायका बोटं टाळून नुसता अंगठा आणि पिशवी करत आणि हे असंच असतं असं ठणकावून सांगत.

नवी लोकर दरवर्षी कोण आणणार? मोठ्याचा स्वेटर आखूड झाला की उसवायचा. उसवलेला धागा नागमोडी असतो, तसाच विणला तर कापड खडबडीत येतं. म्हणून त्याची लडी करून कोमट पाण्यात बुडवायची आणि खाली वजन लटकवून दोरीवर वाळत घालायची. सरळ झाली की पोराला समोर बसवून त्याच्या दोन्ही हातांत लडी अडकवायची आणि गुंडा करायचा. अर्धा तास हात वर धरून बसलेली ती पोरं आज साठी-सत्तरीत आहेत आणि त्यांना विणकामाची आठवण म्हणून दुखणारे खांदे तेवढे आठवतात.

या सगळ्या घरगुती व्यवहाराला १९६२च्या हिवाळ्याने वेगळं वळण दिलं. २० ऑक्टोबरला चीनने नेफा आणि लडाखमध्ये हल्ला केला. मैदानी मुलखातून गेलेले आपले जवान सुती कपड्यांत चौदा-पंधरा हजार फुटांवर उभे आहेत, ही बातमी घराघरांत पोचली. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि महाराष्ट्राला ती लढाई आपल्या घरची वाटू लागली. देशभर बायकांनी अंगावरचं सोनं दिलं आणि सुया हातात घेतल्या. शाळकरी मुलीही विणायला बसल्या. रंग ठरलेला, खाकी नाहीतर मेंदीसारखा हिरवा. २१ नोव्हेंबरला युद्धबंदी झाली, पण विणकाम थांबलं नाही. थांबण्याचं कारणही नव्हतं. हिमालयातला खरा हिवाळा तर त्यानंतर सुरू होणार होता.

भुसावळला यातलं काही ऐकीव नव्हतं. देवळालीच्या तोफखान्यातून उत्तरेला जाणारी गाडी याच फलाटावरून जाते. ज्याच्यासाठी विणायचं तो माणूस खिडकीत बसलेला दिसतो, हे भाग्य म्हणा की दुःख, फार थोड्या गावांच्या वाट्याला आलं. आपल्या माणसाचं माप बाईच्या हाताला ठाऊक असतं. अनोळखी जवानाचं माप कुठून आणणार? तेव्हा घरातल्या नवऱ्याच्या, दिराच्या हातावर हात ठेवून मोजे विणले गेले. दोन्ही महायुद्धांत ब्रिटन-अमेरिकेतल्या बायकांनी सैनिकांसाठी असेच ढीगभर मोजे विणले होते. तिकडे छापलेल्या नमुन्यांत एक बारकावा असे. बाकीची बोटं एका पिशवीत आणि तर्जनी सुटी, बंदुकीचा चाप ओढता यावा म्हणून. बाळासाठी टोपडं विणणाऱ्या सुईने चापाचं बोट विणायचं, याचा विचार करत बसलं तर विणणं होत नाही, आणि त्या बायका तो करत बसल्या नाहीत हेच बरं. पुढे १९६५ला आणि १९७१ला पुन्हा सुया निघाल्या. १९९९च्या कारगिलच्या वेळी मात्र लोकांनी धनादेश पाठवले. बर्फातले कपडे हे शास्त्र झालं होतं आणि घरगुती मफलरला तिथे जागा उरली नव्हती. जवानाच्या दृष्टीने हे चांगलंच झालं.

युद्धं कधीतरी येत. बाळंतपणं नेहमीची. भुसावळात सर्वांत जास्त लोकर कशात गेली असेल तर ती बाळंतविड्यात. टोपडं, पुढे बंद असलेला छोटा स्वेटर, पायमोजे आणि बिनबोटांचे हातमोजे, म्हणजे मनगटाशी नाडी असलेल्या दोन पिशव्या, बाळाने नखांनी स्वतःचं तोंड ओरबाडू नये म्हणून. मूल जन्मायच्या आधी त्याचं काही विणायचं नाही, असं बऱ्याच घरांत मानत. लोकर मात्र सातव्या महिन्यातच आणून पेटीत ठेवलेली असे, आणि सुईवर काय आहे असं विचारलं तर शेजारच्यांच्या नातवाचं नाव सांगितलं जाई. मुलगा की मुलगी हे ठाऊक नसल्यामुळे पिवळा, पांढरा आणि पोपटी हे रंग चालत. काळा चालत नसे, तो संक्रांतीला बोरन्हाणाच्या झबल्यापुरता. लेकीचं सासर नाशिकला असो की नागपूरला, बाळंतविडा गाडीत बसून तिथे पोचे. गार्डाच्या ओळखीने, शेजाऱ्याच्या हाती, कधी ट्रंकेत भाकरीच्या डब्याखाली. विणणारीने तो अंगावर घातलेला पुष्कळदा पाहिलाच नाही. भुसावळात विणलेल्यातलं भुसावळात थोडंच राहिलं. ज्यांना द्यायचं ती माणसं एक तर ड्यूटीवर, नाहीतर परगावी.

देवही यातून सुटले नाहीत. पुण्याच्या सारसबागेतल्या गणपतीला थंडीत स्वेटर आणि कानटोपी चढते, पंढरपूरला विठोबाला कानपट्टी बांधतात, शाल-रजई पांघरतात. घरच्या देव्हाऱ्यातल्या रांगत्या बाळकृष्णाला अंगठ्याएवढी टोपी करणाऱ्या आज्या खानदेशात घरोघर होत्या. उरलेल्या लोकरीचा तो उत्तम उपयोग, आणि देव मापाबद्दल तक्रार करत नाही.

माणसं करत. हाताने विणलेल्या भेटीबद्दल आपण आता फार गोड बोलतो. त्या स्वेटरांनी मान खाजायची. बाह्या एक लांब एक आखूड असत. मफलर धुतला की हातभर लांबे. सासूने विणलेला स्वेटर जावयाने एकदा घालायचा आणि तिच्या पुढच्या भेटीपर्यंत नीट घडी करून ठेवायचा, हा अलिखित करार होता. पण फेकत कुणी नसे. उसवून दुसरं काही करता येतं, ही त्या भेटीतली सोय होती, आणि दुकानच्या भेटीत ती नसते.

हे सगळं मागे का पडलं, याला आजकालच्या मुलींना सवड नाही हे उत्तर ठरलेलं आहे. मला ते पटत नाही. कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली, तो विषय शाळेत आला, आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांत मुलींच्या हाती वर्गातच सुया आल्या. विणता येणाऱ्या मुली उलट वाढल्या होत्या. मोडलं ते गणित. दिवाळीनंतर रस्त्याच्या कडेला तिबेटी विक्रेत्यांची दुकानं लागू लागली. लोक त्यांना सर्रास नेपाळी म्हणत, पण ते तिबेटी निर्वासित. त्यांची एक वसाहत १९७२पासून आपल्याच राज्यात, तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात आहे. माल लुधियानाचा, यंत्रावरचा, झगझगीत रंगांचा. लोकरीला लागणाऱ्या पैशांत तयार स्वेटर मिळायला लागला. त्याआधीच कॅशमिलॉनसारख्या अ‍ॅक्रिलिकने खऱ्या लोकरीला बाजूला सारलं होतं. धाग्याचं टोक काडीने जाळून पाहायचं. केस जळल्याचा वास आला तर लोकर, वितळून टणक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक. दुकानात ही परीक्षा घेणाऱ्या बायका हळूहळू कमी झाल्या, कारण निकाल आधीच ठाऊक असे. इंजिनंही बदलली. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात इगतपुरीकडून विजेच्या तारा भुसावळपर्यंत आल्या, बंद केबिनची इंजिनं आली. भट्टी गेली, ठिणगी गेली आणि मफलरचं एक नेमकं काम संपलं.

कोरोनाच्या टाळेबंदीत सुया पुन्हा निघाल्या, पण जास्त करून क्रोशाची एकच सुई. आता मोबाइलवर पाहून मुली बाहुल्या, किल्लीला लावायचे मासे, फुलांचे गुच्छ करतात. हात सफाईदार आहे, रंगांची समज आमच्या आयांपेक्षा चांगली आहे. फक्त त्यात कुणाचं माप घ्यावं लागत नाही. माप घ्यावं लागतं ते पुण्याला किंवा पार टोरांटोला लेकीच्या बाळंतपणासाठी निघालेल्या आजीला. टोरांटोच्या उणे वीस तापमानात भुसावळचा बाळंतविडा पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो. अट एकच, लेक म्हणते तशी ती मशीनमध्ये धुता येणारी लोकर हवी.

आणि गावातलं म्हणाल तर हातमोजे आणि स्कार्फ भुसावळात आजही भरपूर खपतात. त्यांचा हंगाम बदलला आहे. एप्रिल उजाडला की फुटपाथवर कोपरापर्यंतचे पांढरे सुती मोजे आणि तोंडाला बांधायचे स्कार्फ लटकतात. स्कूटीवरून कॉलेजला, क्लासला, बँकेत जाणारी प्रत्येक मुलगी ते घालते, कारण उन्हात हँडल धरवत नाही. ओळखीच्या एका आत्याबाईंनी गेल्या उन्हाळ्यात भाचीसाठी सुती दोऱ्याचे असले मोजे क्रोशाने करून दिले. जाळीतून ऊन लागलं आणि हातावर नक्षी उठली. आत्याबाई आता घट्ट विणीचा दुसरा जोड करायला बसल्या आहेत.