आगीशी झुंजणारे हृदय

तुमच्यापैकी कोणी पनवेलजवळच्या रोडपालीत राहत असेल, तर त्याला आगीच्या बंबाचा भोंगा नवा नसेल. एका अंगाला कळंबोलीचा लोखंड-पोलादाचा बाजार, दुसऱ्या अंगाला तळोज्याची औद्योगिक वसाहत आणि तिच्यातील रसायनांचे कारखाने. अशा ठिकाणी आग लागली की लोक बाहेर धावतात आणि अग्निशामक दलाचे जवान आत शिरतात.

या जवानांना सर्वांत मोठा धोका कशाचा? तुम्ही म्हणाल, ज्वाळांचा! पण अमेरिकेत १९९४ ते २००४ या काळात कामावर असताना मरण पावलेल्या जवानांच्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा दर शंभरातील सुमारे ३९ मृत्यू हृदयविकाराने झालेले आढळले. असे का व्हावे?

त्यासाठी एक सोपा प्रयोग करा. शांत बसून मनगटावरील नाडीचे एका मिनिटातील ठोके मोजा. मग दप्तर पाठीला लावून दोन मजले जिना चढा आणि पुन्हा मोजा. ठोके कितीतरी वाढलेले दिसतील. स्नायूंना जास्त प्राणवायू हवा असतो, म्हणून हृदयाला अधिक रक्त ढकलावे लागते. जवानाच्या अंगावर तर जाड पोशाख, शिरस्त्राण, श्वसनयंत्र असे वीसेक किलोंचे ओझे असते. शिवाय आगीची वर्दी येताच त्याच्या रक्तात ॲड्रेनलिन हे संप्रेरक मिसळते आणि पहिले पाऊल टाकण्याआधीच हृदय वेगाने धडधडू लागते.

यात उष्णतेची भर पडते. शरीर थंड राखण्यासाठी त्वचेकडे जादा रक्त पाठवावे लागते. घाम गळून रक्तातील पाणी कमी होते व रक्त दाट होते. एडिंबरो येथील शास्त्रज्ञांनी १९ निरोगी जवानांना सरावाच्या आगीत सुमारे वीस मिनिटे काम करायला लावले. त्यांच्या शरीराचे तापमान सुमारे एक अंशाने वाढले, रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढली आणि रक्तवाहिन्या सैल होण्याची क्षमता घटली. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत अशी गुठळी अडकली, तर पुढे काय होईल हे सांगायला नकोच.

तिसरा शत्रू धूर. त्यातील कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग, ना वास. रक्तातील हीमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणजे हृदयाला प्राणवायूची सर्वाधिक गरज असते, नेमका तेव्हाच त्याचा पुरवठा तुटतो! प्लॅस्टिक, फोम, लोकर जळताना हायड्रोजन सायनाइडही निघतो. तो तर पेशींना मिळालेला प्राणवायू वापरूच देत नाही.

मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ हे दारूगोळ्याने व कापसाने भरलेले जहाज पेटून स्फोट झाले. आग विझवणारे ६६ जवान त्यात बळी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. स्फोटाचा घाव त्याच दिवशी दिसतो. धुराचा आणि धुळीचा घाव मात्र कित्येक वर्षांनी वर येऊ शकतो.

हे न्यू यॉर्कमध्ये स्पष्ट झाले. ११ सप्टेंबर २००१ रोजी तेथील जुळे मनोरे कोसळले. सिमेंट व काचतंतूंच्या बारीक धुळीत जवानांनी महिनोन्‌महिने काम केले. सुमारे ९,८०० जवानांची पुढील सोळा वर्षांची माहिती २०१९ साली प्रसिद्ध झाली. त्या सकाळी सर्वप्रथम पोहोचलेल्यांना हृदयरोगाचा धोका नंतर आलेल्यांपेक्षा ४४ टक्के अधिक होता. सहा महिने किंवा अधिक काळ तेथे काम केलेल्यांना तो इतरांपेक्षा ३० टक्के अधिक होता. वय, धूम्रपान, रक्तदाब यांचा हिशेब धरूनही हा फरक उरला. अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोल शिरतात, तेथे दाह निर्माण होतो, आणि असा दाह दीर्घकाळ टिकला की रोहिण्यांच्या भिंतींत चरबीचे थर साचायला मदत होते.

मग उपाय काय? ज्वाळा विझल्या तरी धुमसणाऱ्या ढिगाऱ्यातून विषारी वायू निघतच असतात. म्हणून श्वसनयंत्र लगेच उतरवू नये. पाळीपाळीने विश्रांती घ्यावी, भरपूर पाणी प्यावे, अंग थंड करावे. काजळीने माखलेला पोशाख धुवावा. आणि रक्तदाब व हृदयाची तपासणी नियमित व्हावी, केवळ नोकरीच्या काळात नव्हे, तर निवृत्तीनंतरही.

तुम्हीही मदत करू शकता. इमारतीचा जिना अडगळीने भरू देऊ नका, बंबाच्या वाटेत वाहने लावू नयेत असे घरच्यांना सांगा. वाट मोकळी असेल तर आग लहान असतानाच जवान तिथे पोहोचतात. मग त्यांना धुरात कमी वेळ काढावा लागतो आणि त्यांच्या हृदयावरचा भारही तेवढाच हलका होतो.