उंदीर, कावळा आणि वटवाघूळ

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, तेव्हा त्याच्या पाचव्या अनुसूचीत म्हणजे उपद्रवी प्राण्यांच्या यादीत फळं खाणारी वटवाघळं उंदीर-कावळ्यांच्या पंगतीला बसवली गेली. मारली तरी कुणी हटकणार नव्हतं. पेरू-चिकूच्या बागायतदाराचं नुकसान खोटं नव्हतं, पण जंगल राखायला निघालेल्या कायद्यानं जंगल लावणाऱ्यालाच वाऱ्यावर सोडलं होतं.

जंगल लावणं म्हणजे काय, ते विदर्भात दिसतं. महाराष्ट्राच्या वनखात्याचं मुख्यालय नागपुरात. तिथून दीडेक तासावर पेंचचं जंगल, दुसऱ्या अंगाला उमरेड-कऱ्हांडलाचं. उन्हाळा लागता लागता या पट्ट्यात मोह फुलतो. रात्री वाघूळ फुलाचा गोड, मांसल भाग तोडून नेतं. तोंडाच्या लवेला चिकटलेले पराग पुढच्या झाडावर पोचतात. पहाटे त्याच झाडाखाली बायामाणसं टोपल्या घेऊन मोहफुलं वेचतात. दोघांचा हंगाम एकच, पाळ्या तेवढ्या वेगळ्या! दक्षिण भारतातल्या अभ्यासकांनी २००९ साली मोहाचं हे परागीकरण नोंदवलं. पुढे फळ पिकलं की वाघूळ गर खातं आणि बी झाडापासून लांब टाकतं. वड-उंबराचं बारीक बी तर पोटातून जातं आणि उडता उडता विष्ठेतून पडतं.

उपद्रवींच्या यादीतून आधी सुटका झाली ती दक्षिणेतल्या दुर्मीळ सलीम अली वटवाघळाची. त्याला थेट पहिली अनुसूची मिळाली. आपल्या वडांवर लटकणारी मोठी वाघळं मात्र तिथंच राहिली. त्यांची मादी वर्षाला एकच पिल्लू देते. सांधेदुखीवरच्या तेलासाठी त्यांना मारणाऱ्यांना त्याचं काय?

मग आजारांची वर्षं आली. २०१८ मध्ये कोळिकोडला निपाह, २०२० मध्ये कोरोना. झाडं तोडा, वाघळं हाकला, अशी ओरड सुरू झाली, तेव्हा दक्षिण आशियातल्या सहा देशांच्या ६४ अभ्यासकांनी एकत्र निवेदन काढून लोकांना आवरलं. निपाहचा विषाणू वाघळांत असतो, हे खरंच आहे. म्हणून उष्टं फळ खाऊ नये आणि वाघळांना हात लावू नये. झाड पाडलं तर ती फक्त शेजारच्या वस्तीत जातात.

कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनं उपद्रवींची अनुसूचीच काढून टाकली. १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली, म्हणजे शिक्का पुसायला पन्नास वर्षं गेली. तरी एखादा प्राणी अधिसूचनेनं उपद्रवी ठरवण्याचा अधिकार केंद्राकडे आहेच. आणि पेरूच्या बागेवर जाळं टाकायचं म्हटलं, तर शेतकऱ्याला आधी खिसा चाचपावा लागतो.